ओपन-बॅक हेडफोन

ओपन-बॅक हेडफोन : ड्रायव्हरच्या (पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाच्या) पाठीमागचा कप बंद न ठेवता जाळीने किंवा छिद्रांनी मोकळा सोडलेला हेडफोन. पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज कपात कोंडून न राहता बाहेर निघून जातो. त्यामुळे कपाच्या भिंतींवर आपटून परत येणारे पडसाद कमी होतात, आणि गाणे डोक्यात कोंबल्यासारखे न वाटता कानांभोवती पसरलेले वाटते. मात्र आतला आवाज शेजारच्याला ऐकू जातो आणि बाहेरचा जवळजवळ जसाच्या तसा आत येतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली आणलेला, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा एचडी ४१४ हा या प्रकारातला बाजारात आलेला पहिला हेडफोन मानला जातो. त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० आजही तुलनेसाठी मोजपट्टीसारखा वापरतात.

आधी खोली पाहावी, मग मॉडेल. नाशिकच्या द्वारका चौकाच्या किंवा मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूला खिडकी असेल, किंवा सिडकोतल्या रो-हाऊससारखी भिंतीला भिंत लागून असेल, तर ओपन-बॅकचे पैसे बरेचसे वाया जातात. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीपर्यंत चढतो. तेव्हा पंखा पूर्ण वेगावर आणि कूलर समोर असतो. त्या घरघरीत तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणझणता नाद) किंवा गेममधली दूरची पावले सगळ्यात आधी बुडतात, आणि ती परत मिळवायला हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांनी तर हा प्रकार विसरावा. गाडीचा खडखडाट आत येईल आणि आपले गाणे शेजारच्या बाकाला ऐकू जाईल. रात्री दहानंतर शांत होणारी स्वतंत्र खोली हे या हेडफोनचे खरे ठिकाण. घरात दुसरे कोणी त्याच खोलीत झोपत असेल तर बंद पाठीचाच घ्यावा. अर्ध्या उघड्या पाठीचे, म्हणजे सेमी-ओपन, हेडफोन हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो, पण आवाज बाहेर जाण्याच्या बाबतीत तेही फारसे उपयोगी नाहीत.

उन्हाळ्यात एक फायदा मात्र नक्की होतो. मोकळ्या पाठीमुळे आणि मखमली गाद्यांमुळे कान कमी घामेजतात. रेक्झिनच्या गाद्यांचा बंद हेडफोन जिथे अर्ध्या तासात काढावासा वाटतो, तिथे हा दोन-तीन तास सहज घालता येतो.

खर्ज आणि ढोल. पडद्याच्या मागची आणि पुढची ध्वनिलहर उलट कलेत असते, म्हणजे एक हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते. पाठ उघडी असल्याने कमी कंप्रतेला त्या एकमेकींना खोडतात, म्हणून बहुतेक डायनॅमिक (पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेल्या, नेहमीच्या रचनेच्या) ओपन-बॅकमध्ये १०० हर्ट्झच्या आसपास थोडा फुगवटा आणि त्याखाली उतार असतो. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. चांगल्या हेडफोनवर ती तार वेगळी ऐकू येते, सामान्य हेडफोनवर तिचे वरचे स्वरांश तेवढे येतात आणि मूळ सूर मेंदू भरून काढतो. डग्ग्याची घिसही (तळहात घासून काढलेला घुमारा) याच पट्ट्यात सापडते. प्लेनर प्रकारात, म्हणजे पातळ पडद्यावर सपाट तारा आणि दोन्ही बाजूंना किंवा एका बाजूला चुंबके असलेल्या रचनेत, हा उतार बराच कमी असतो. वजन मात्र वाढते. हायफायमॅनचा एचई४००एसई सुमारे ३९० ग्रॅमचा आहे, तर बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ग्रॅमचा. मानेला हा फरक तासाभरात कळतो. नाशिक ढोलाचा दणका छातीवर बसतो, तो कोणत्याही हेडफोनने येत नाही. मिरवणुकीची मजा शोधत ओपन-बॅक घेणारा निराश होणार.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा विचार वेगळा करावा लागतो. नाशिकशी जवळचे नाते असलेले शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर १९५५ साली गेले, तेव्हा स्टिरिओ तबकड्या बाजारात आलेल्याच नव्हत्या. त्यांचे सगळे गाणे मोनो आहे; ते कपाळाच्या मधोमध उभे राहते आणि हेडफोन कितीही मोकळा असला तरी रुंद होत नाही. डीटी ९९० सारख्या, आठ हजार हर्ट्झच्या आसपास टोकदार असलेल्या हेडफोनवर तबकडीची खरखर गाण्याच्या पुढे येते. असा संग्रह ऐकणाऱ्याने एचडी ६०० किंवा ६५० च्या जातीचा, वरचा पट्टा शांत असलेला हेडफोन घ्यावा.

ताकदीचा हिशोब. खरेदीत सर्वाधिक चुका इथे होतात. इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि संवेदनशीलता (ठरावीक ताकदीला किंवा व्होल्टेजला किती मोठा आवाज निघतो ते) हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात. डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती एका मिलिवॉटला ९६ डेसिबल देते. गाण्यातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबलची मुभा ठेवायची तर १४ डेसिबल जास्त, म्हणजे सुमारे २५ मिलिवॉट लागतात, आणि २५० ओहममध्ये तेवढे ढकलायला अडीच व्होल्ट. मोबाइलला हेडफोन जोडायचे साधे सी-टाइप डोंगल (छोटा जोड) चांगले असले तर एक व्होल्ट देते. म्हणजे चार मिलिवॉट, म्हणजे १०२ डेसिबल. पॉपसाठी चालेल, पण शास्त्रीय संगीतासारखे मुळात कमी आवाजात मुद्रित केलेले गाणे व्हॉल्यूम पूर्ण करूनही दबलेले वाटेल. उलट एचई४००एसई अवघ्या २५ ओहमचा, पण मिलिवॉटला ९१ डेसिबल. त्याच ११० साठी जवळपास ८० मिलिवॉट, १.४ व्होल्ट आणि ५५ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. छोटी डोंगले व्होल्टेजमध्ये पुरतात आणि प्रवाहात दमतात. म्हणून ‘ओहम कमी, म्हणजे मोबाइलवर वाजणार’ हा दुकानातला सल्ला अर्धवट आहे.

दुसरा सापळा एककाचा. काही कंपन्या संवेदनशीलता मिलिवॉटला देतात, काही व्होल्टला. सेनहायझर एचडी ५६०एसच्या खोक्यावर ११० दिसतो तो एका व्होल्टला. १२० ओहमला तो मिलिवॉटमध्ये बदलला की १०१ च्या आसपास येतो. तरीही हा सहज वाजणारा हेडफोन आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. २५ ओहमला तो तीनच्या आत हवा, नाहीतर डायनॅमिक हेडफोनचा सूर बदलतो. प्लेनरला याने फारसा फरक पडत नाही.

गुणगुण येत असेल तर हेडफोनला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर बहुधा विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही किंवा दोन पिनांचा चार्जर आहे. जुन्या वाड्यांच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या वायरिंगमध्ये हे वारंवार आढळते. उपाय इलेक्ट्रिशियनकडून खरी अर्थिंग करून घेण्याचा. तिसरी पिन तोडून टाकण्याचा नव्हे.

गेमिंग. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये पावले कोणत्या बाजूने येतात ते ओळखायला ओपन-बॅक उपयोगी पडतो, कारण खालचा गडगडाट वरच्या बारीक आवाजांवर चढत नाही. डावे-उजवे सहज कळते; पुढचे-मागचे मात्र हेडफोनपेक्षा गेममधल्या एचआरटीएफ सेटिंगवर (डोके आणि कान आवाज कसा बदलतात त्याची नक्कल करणारी सोय) अवलंबून असते. ते चालू असताना विंडोज सॉनिक किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉस ही संगणकाची तशीच प्रक्रिया बंद ठेवावी. दोन्ही एकदम चालू राहिले की एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि पावले खोलीभर विरघळतात. ‘७.१’ (चहूबाजूंच्या आवाजाचा दावा) लिहिलेला हेडफोन शोधण्यात अर्थ नाही. कान दोनच आहेत आणि साध्या स्टिरिओवर एचआरटीएफ पुरेसे काम करते. साधे ब्लूटूथ टाळावे, आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो.

माइकचा प्रश्न राहतो. संगीतासाठी बनलेल्या ओपन-बॅकला माइक सहसा नसतो. चुंबकाने कपाला चिकटणारा वेगळा माइक लावता येतो, पण हेडफोनमधून गळणारा आवाज त्यात शिरतो आणि टीममधल्या इतरांना स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते. माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ आणावा, त्याचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी करावा आणि नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) लावावे. इतके करूनही थांबत नसेल तर व्हॉल्यूमच जास्त आहे.

दुकानात ऐकताना. महात्मा गांधी रोडवर हेडफोनची दुकाने भरपूर, पण ओपन-बॅक कानाला लावून ऐकायला मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये त्याचा अंदाज येत नाही. म्हणून परत करण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडून घेऊन घरी रात्री तपासावा. दोन हेडफोनची तुलना करताना व्हॉल्यूम सारखा ठेवावा, कारण एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा असलेला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो. आवाज एका बाजूला झुकलेला वाटला तर हेडफोन उलटा, डावा उजवीकडे घालून पाहावा. झुकाव कानासोबत त्याच बाजूला राहिला तर कानात मळ किंवा श्रवणातला फरक, हेडफोनसोबत बाजू बदलली तर ड्रायव्हर, केबल किंवा अ‍ॅम्प्लिफायर. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट अर्धा तास बसावे. नवीन एचडी ६०० ची पकड घट्ट असते. हेडबँडची पट्टी थोडी थोडी बाहेर ओढून सैल करता येते, एका झटक्यात नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबल सरासरीने आठवड्याला ४० तास ऐकणे ठीक. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते; ८३ ला २० तास.

बिघाड आणि निगा. बासवर एकाच बाजूने फरफर आवाज येतो तेव्हा ड्रायव्हर फाटला असे समजून हेडफोन फेकू नये. बहुतेकदा डोक्याचा एक केस जाळीतून जाऊन पडद्याला टेकलेला असतो. गादी आणि तिच्याखालची स्पंजची चकती काढून, टॉर्चच्या उजेडात पाहून चिमट्याने तो उचलावा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा हवेचा दाब मारू नये, पडदा आत ओढला जाऊन कायमचा चुरगळतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपमधून आलेल्यांनी कामाचे कपडे बदलल्याशिवाय हेडफोन हातात घेऊ नये. ड्रायव्हरचे चुंबक लोखंडाचा कीस खेचून घेते, आणि तो एकदा आत शिरला की सहसा निघत नाही.

केबल वेगळी होते का, हे घेण्याआधी पाहावे. डीटी ९९० प्रोची गुंडाळीची केबल कायमची जोडलेली आहे. जॅकजवळ तुटली की सोल्डरिंग करावे लागते. दबलेल्या गादीमुळे कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी ती बदलावी. दुसऱ्या कंपनीची स्वस्त गादी जाडीला वेगळी निघते आणि हेडफोनच वेगळा वाजू लागतो. मखमली गादी कोमट पाण्यात शांपूचे दोन थेंब टाकून धुता येते. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचे आणि सावलीत पंख्याखाली वाळवायची. जुलै-ऑगस्टमधल्या दमट दिवसांत आतला स्पंज वाळायला दोन दिवस लागतात. वरून कोरडी लागली तरी तोवर ती हेडफोनवर चढवू नये.