ओव्हरहाउझर एमआरआय

सजीव प्राण्याच्या शरीरातील मुक्त मूलकांचे (जोडी न लागलेला, म्हणजे अयुग्मित, इलेक्ट्रॉन असलेल्या अणू-रेणूंचे) वितरण पाहता यावे म्हणून एमआरआय यंत्राला इलेक्ट्रॉन अनुस्पंदनाची (चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांनी ठराविक कंप्रतेचे, म्हणजे वारंवारतेचे, प्रारण शोषण्याची) जोड देणारी प्रतिमांकन पद्धती. 'पेड्री' (प्रोटॉन-इलेक्ट्रॉन द्वि-अनुस्पंदन प्रतिमांकन या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) हे तिचे दुसरे नाव होय.

अयुग्मित इलेक्ट्रॉनांचे अनुस्पंदन घडवून आणल्यास शेजारच्या अणुकेंद्रांचे ध्रुवण (चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत एकसारखे रांगेत येणे) वाढते, हे धातूंबाबतचे भाकीत आल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये केले आणि कार्व्हर व स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियमवर ते पडताळून पाहिले. पाण्यात विरघळलेल्या मूलकांमुळे प्रोटॉनांचा संकेत तत्त्वतः सुमारे ३३० पटींपर्यंत वाढतो व उलटाही होतो. यावर आधारित प्रतिमांकनाचे श्रेय बहुधा अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील डेव्हिड ल्युरी व सहकाऱ्यांच्या १९८८ मधील कामाला दिले जाते. तथापि त्याच विद्यापीठातील जॉन मॅलार्ड यांनी तेथे येण्यापूर्वीच, १९६४ च्या सुमारास, अर्बुदांच्या (गाठींच्या) ऊतकांचा इलेक्ट्रॉन अनुस्पंदनाने अभ्यास केला होता. ही परंपरा जमेस धरणे अधिक योग्य वाटते.

खरी अडचण कंप्रतेची आहे. एकाच चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनाची अनुस्पंदन कंप्रता प्रोटॉनाच्या सुमारे ६५८ पट असते. रुग्णालयातील १.५ टेस्ला क्षेत्रात ती ४२ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाते. असे सूक्ष्मतरंग ओल्या ऊतकात खोल शिरत नाहीत आणि त्याला तापवतात. क्षेत्र १० मिलिटेस्लापर्यंत उतरवले, तर इलेक्ट्रॉनासाठी २८० मेगाहर्ट्‌झ पुरतात, पण प्रोटॉनांचा संकेत क्षीण होतो. म्हणून अ‍ॅबर्डीनच्या गटाने क्षेत्र बदलत राहण्याची युक्ती योजली. त्यांच्या एका यंत्रात मूळ ५९ मिलिटेस्लाच्या स्थायी चुंबकाला विरुद्ध क्षेत्र देणारे वेटोळे जोडले होते: क्षेत्र क्षणभर खाली आणून इलेक्ट्रॉनांवर प्रारण सोडायचे, ते पूर्ववत करून संकेत नोंदवायचा, आणि प्रारणासह व प्रारणाविना घेतलेल्या प्रतिमांची वजाबाकी करायची.

'मुक्त मूलके दिसतात' हे विधान मात्र जपून वाचावे. हायड्रॉक्सिलसारखे मूलक नॅनोसेकंदांत नाहीसे होते. प्रतिमेत दिसतात ती प्राण्याला टोचलेली नायट्रॉक्साइड किंवा ट्रायटिल वर्गातील स्थिर मूलके. त्यांच्या ऱ्हासावरून ऊतकाची रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपणाची) स्थिती अप्रत्यक्षपणे कळते. क्यूशू विद्यापीठाच्या हिदेओ उत्सुमी यांच्या गटाने २००६ मध्ये नायट्रोजन-१४ व नायट्रोजन-१५ असलेली नायट्रॉक्साइडे एकाच वेळी वेगवेगळी दाखवली. ट्रायटिलच्या इलेक्ट्रॉन अनुस्पंदनाची अरुंद वर्णपटरेषा ऑक्सिजनामुळे रुंदावते. त्याआधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत उंदरांच्या अर्बुदांतील ऑक्सिजनाचे नकाशे काढण्यात आले.

मोठ्या शरीरात प्रारणाची शक्ती व उष्णता वाढत असल्याने मानवी रुग्णांवर ही पद्धती नित्य वापरात आलेली नाही.