झाडबेडकाची बोटं आणि ऑक्टोपसचे सकर: थोडी मागची हिस्टरी

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला बाथरूमच्या टाइल्सवर जो मातकट झाडबेडूक चिकटलेला दिसतो ना, त्याच्या बोटांच्या चकत्या बघून कोणीतरी म्हणतंच, अरे ऑक्टोपससारखे सक्शन कप आहेत याला. दिसतं तसंच, पण आतला मामला अगदी वेगळा आहे, आणि तो सुटायला बराच वेळ लागला.

ऑक्टोपसकडे लोकांचं लक्ष फार आधी गेलेलं. ॲरिस्टॉटलने इ.स.पूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय की त्याच्या हातांवर सकरच्या, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्यांच्या, दोन रांगा असतात आणि एका जातीला एकच. पण सकर धरतो कसा हे कळणार कसं, हवेचा दाब ही भानगडच माहीत नव्हती. १६४४ मध्ये टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने हवेला वजन असतं हे पत्रात मांडलं तेव्हा कुठे पाया पडला. ऑक्टोपस सकरची कड दगडाला घट्ट टेकवतो, मग स्नायूंनी आतली पोकळी मोठी करायचा प्रयत्न करतो, पण पाणी काही ताणलं जात नाही, म्हणून आतला दाब धाडकन उतरतो आणि बाहेरचं पाणी सकरला दाबून धरतं. जेवढं खोल तेवढा बाहेरचा दाब जास्त, १० मीटरवर तर पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे पकडीलाही वाव जास्त.

बेडकाच्या चकतीत मात्र अशी पोकळीच नाही! १९८० मध्ये इमर्सन आणि डील या संशोधकांनी मांडलं की खरं काम पाण्याच्या पृष्ठताणाचं आहे, ओल्या ग्लासखाली बशी चिकटून वर येते तसं. चकतीवर षटकोनी पेशी असतात, मध्ये बारीक नाल्या, त्यातून म्यूकस (बुळबुळीत स्राव) पसरतो आणि जादा पाणी निघूनही जातं. मग २००६ मध्ये फेडर्ले आणि मंडळींनी ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकावर मोजमाप केलं तर म्यूकसचा थर इतका पातळ निघाला की काही जागी कातडी थेट काचेलाच टेकते, म्हणून तर तो घसरत नाही. मला हा भाग भारी वाटतो, ओलं असूनही घर्षण!

म्हणजे ऑक्टोपसला सगळीकडे पाणी हवं आणि बेडकाला फक्त ओलसर थर, पूर्ण बुडवलं तर पृष्ठताणाचा खेळच खलास.

मार्केटमधून माकूल (स्क्विड, ऑक्टोपसचाच नातलग) आणलंत तर साफ करण्याआधी त्याच्या सकरवर बोट फिरवून बघा, खरखरीत लागतं, कारण त्यात दातेरी कडी असते, ती ऑक्टोपसला नसते.