ड्राय रीसलिंग आणि तिच्यासोबतचे खाद्यपदार्थ

रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षवाणापासून केलेली आणि किण्वनात जवळजवळ सगळी साखर संपलेली वाइन म्हणजे ड्राय रीसलिंग. आंबटपणा चढा, अंगाने हलकी, टॅनिन (तोंड कोरडे करणारे तुरट द्रव्य) नगण्य आणि बहुधा नव्या ओक पिंपाचा वासही नाही, अशा गुणांमुळे ती मुख्यतः जेवणाबरोबर घेतली जाते. रीसलिंग म्हणजे गोड वाइन, असा एक समज सर्वत्र आढळतो. तिखट जेवणाला रीसलिंग घ्यावी, असा सल्लाही तितकाच सर्रास दिला जातो. ड्राय रीसलिंगपुरते बोलायचे तर पहिला समज चुकीचा आणि दुसरा सल्ला अर्धवट आहे. तिचे सूत जुळते ते मीठ, स्निग्धता आणि मासे यांच्याशी.

वाण आणि प्रदेश

या वाणाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख 13 मार्च 1435 चा आहे. जर्मनीतील रुसेल्सहाइम येथे काट्सेनएल्नबोगेनच्या काउंटच्या हिशेबात रीसलिंगच्या वेलांसाठी 22 शिलिंग दिल्याची नोंद सापडते. ऱ्हाइनगाउमधील योहानिसबर्गच्या द्राक्षमळ्यात 1720 पासून या वाणाची मोठी लागवड झाली. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या उत्तम वाइनला इंग्लंडमध्ये बोर्दोच्या नामांकित वाइनइतका भाव मिळे. राणी व्हिक्टोरियाने 1845 मध्ये होखहाइमच्या मळ्याला भेट दिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लीबफ्राउमिल्शसारख्या स्वस्त, गोडसर वाइनच्या निर्यातीमुळे जर्मन वाइनचे नाव खाली आले. गंमत म्हणजे त्या बाटल्यांत रीसलिंग बहुधा नावापुरतीच असे, पण बदनामी तिच्या वाट्याला पुरेपूर आली. ऑस्ट्रियात 1985 मध्ये वाइनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे गोडसर विषारी रसायन मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर तेथील कायदे कडक झाले आणि उत्पादकही ड्राय वाइनकडे वळले.

आज जर्मनीत सुमारे 24 हजार हेक्टरांवर रीसलिंग आहे. मोझेल, ऱ्हाइनगाउ, फाल्झ, नाहे आणि ऱ्हाइनहेसेन हे तिथले मुख्य प्रदेश. फ्रान्समधील अल्सास, ऑस्ट्रियातील वाखाउ आणि कांपटाल, दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्लेअर आणि ईडन ही खोरी, तसेच अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचा फिंगर लेक्स परिसर येथेही तिच्या ड्राय प्रकाराला मान आहे. पाटीच्या दगडाची जमीन असलेल्या मोझेलच्या उतारांवरची रीसलिंग 'दगडाची चव' देते, असे विक्रेते हौसेने सांगतात. जमिनीतली खनिजे थेट पेल्यात उतरतात याला शास्त्रीय आधार नाही. ती चव बरीचशी आंबटपणाची असते.

ड्राय कोणती म्हणायची

युरोपीय संघाच्या नियमानुसार लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर उरलेली वाइन ड्राय ठरते. जर्मन बाटलीवर तिला 'ट्रॉकन' असे लिहिलेले असते. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत वाढते. अट एवढीच की साखर एकूण आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून अधिक वरचढ नसावी. म्हणजे 7.5 ग्रॅम आम्ल असलेल्या रीसलिंगमध्ये 8 ग्रॅम साखर उरली तरी ती कायद्याने ड्रायच, आणि जिभेलाही ती गोड लागत नाही. जेवणाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण नुसत्या साखरेच्या आकड्यावरून रीसलिंगचा अंदाज बांधता येत नाही. 'हाल्बट्रॉकन' म्हणजे अर्धी ड्राय. 'फाइनहेर्ब' हा शब्दही साधारण त्याच चवीसाठी वापरतात, पण त्याला कायद्याची व्याख्या नाही.

जर्मनीतील नामांकित मळ्यांच्या संघाच्या, म्हणजे व्हीडीपीच्या, सर्वोच्च प्रतीच्या ड्राय वाइनला 'ग्रोसेस गेवेक्स' म्हणतात. वाखाउमध्ये श्टाइनफेडर, फेडरश्पील आणि स्मारागड अशा तीन चढत्या पायऱ्या आहेत. त्यांपैकी स्मारागडमध्ये किमान 12.5 टक्के मद्यार्क लागतो. अल्सासच्या बाटलीत काय निघेल याचा अनेक वर्षे भरवसा नसे; 2021 च्या हंगामापासून तिथे गोडीचे प्रमाण लेबलवर देणे सक्तीचे झाले. क्लेअर खोऱ्यातील रीसलिंग बहुतेक ड्रायच असते. लेबल कळेनासे झाले तर मद्यार्काचा आकडा पाहावा. 12 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर साखरेचे रूपांतर मद्यार्कात झालेले असते, म्हणजे वाइन बहुधा ड्राय आहे. 8-9 टक्के असेल तर साखर बाटलीतच राहिलेली आहे असे समजावे.

जोडी कशी जमते

रीसलिंग थंड प्रदेशात सावकाश पिकते आणि पिकली तरी तिच्यातले टार्टारिक व मॅलिक आम्ल टिकून राहते. बहुतेक उत्पादक मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात होणारे रूपांतर मुद्दाम टाळतात. त्यामुळे वाइनचा सामू 3 च्या आसपास राहतो. तळलेल्या माशावर लिंबाची फोड पिळून जे साधते, तेच काम हा घोट करतो: तोंडावर चढलेला तेल-लोण्याचा थर उतरतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो.

मिठामुळे आंबटपणाची धार बोथट होते. म्हणून खारवलेले मांस, हॅम, खारे चीज आणि कालवे यांच्यासोबत ही वाइन नुसती पिण्यापेक्षा अधिक गोलाईची वाटते. गोडाने नेमके उलटे होते. सॉसमध्ये साखर, मध किंवा गूळ असेल तर ड्राय रीसलिंग पाणचट आणि आंबटढाण लागते. आंबट पदार्थाच्या बाबतीत नियम सोपा आहे, वाइनचा आंबटपणा पदार्थाहून कमी पडता कामा नये. व्हिनेगर घातलेल्या सॅलडपुढे बहुतेक पांढऱ्या वाइन हार खातात. रीसलिंग तिथे टिकते, तीही व्हिनेगर बेताचे असेल तर.

माशाशी तिचे जमण्यामागे टॅनिनचा अभाव हे एक कारण. दुसरे कारण जपानी संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. वाइनमध्ये विरघळलेल्या लोहाचे प्रमाण जास्त असेल तर समुद्री पदार्थाबरोबर तोंडात हिवस वास उरतो. लोह लाल वाइनमध्ये बऱ्याचदा जास्त असते. तेव्हा 'माशाला पांढरी' हा जुना दंडक अगदीच निराधार नाही.

अल्सास आणि ऱ्हाइनकाठची पाने

या वाइनची स्वाभाविक जोडी तिच्या गावच्या स्वयंपाकात दिसते. अल्सासचा 'शुक्रूत गार्नी' हा त्याचा उत्तम नमुना. बारीक चिरून मिठात आंबवलेला कोबी धुऊन घट्ट पिळतात. हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीवर कांदा परततात, त्यात कोबी, जुनिपरची फळे आणि लवंगा घालून वरून ड्राय रीसलिंग ओततात आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवतात. वर धुरावलेले डुकराचे मांस, सॉसेज आणि उकडलेले बटाटे. आंबवलेल्या कोबीचा आंबटपणा लॅक्टिक, म्हणजे मऊ असतो. शिजताना तो आणखी निवतो. पानात मग मीठ, धूर आणि चरबी यांचेच राज्य राहते आणि पेल्यातल्या वाइनला भरपूर काम मिळते. शेजारच्या टेबलावर याच पदार्थाबरोबर बिअर चाललेली असते, हेही खरे.

याच भागात ट्राउट मासा 'निळा' करतात. ताज्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर न पुसता तो व्हिनेगर घातलेल्या कढत पाण्यात सोडला की त्याची कातडी निळसर होते. तो फक्त वितळलेले लोणी आणि बटाट्यांबरोबर वाढतात. इतक्या सौम्य माशासोबत जाडजूड, ओकमधली शार्दने ही पांढरी वाइन घेतली तर मासा हरवून जातो. हलकी ड्राय रीसलिंग त्याला सांभाळून घेते. मलई घालून केलेले 'कॉक ओ रीसलिंग' हे कोंबडीचे कालवण मात्र थोडी भरदार बाटली मागते.

जर्मनीत एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो. वितळलेले लोणी किंवा हॉलंडेझ (अंड्याचा बलक व लोण्याचा) सॉस, हॅम आणि नवे बटाटे असे ते पान. शतावरीतल्या गंधकयुक्त संयुगांमुळे ओक किंवा टॅनिन असलेली वाइन धातूसारखी लागते, त्यामुळे इथे ओकविरहित ड्राय वाइनच हवी. जर्मनीतल्याच फ्रांकोनिया भागातले लोक या जागेवर सिल्व्हानर या पांढऱ्या वाइनचा हक्क सांगतात, आणि त्यांचे म्हणणे सहज मोडून काढता येण्यासारखे नाही. रीसलिंग घ्यायचीच तर साधी, हलकी घ्यावी. ग्रोसेस गेवेक्ससारखी वजनदार बाटली इथे वाया जाते.

फाल्झमध्ये डुकराच्या जठरात मांस आणि बटाटे भरून केलेला 'झाउमागेन' प्रसिद्ध आहे. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी डायडेसहाइम गावी मार्गारेट थॅचर आणि मिखाइल गोर्बाचेव्ह यांनाही तो खाऊ घातला. हे गाव रीसलिंगचेच. त्याच भागात ड्राय रीसलिंगमध्ये सोडा घालून केलेले 'शोर्ले' खळगे पाडलेल्या अर्ध्या लिटरच्या ग्लासातून पितात. वाइनच्या पावित्र्याची फार काळजी करणाऱ्यांना ते रुचत नाही, पण उन्हाळ्यातल्या सॉसेजसाठी याहून योग्य पेय शोधावे लागेल. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या व्हिएन्नाच्या श्नित्झेल या मांसाच्या पातळ कापासोबतही हाच आंबटपणा कामी येतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियात वेगळी परंपरा आहे. क्लेअर आणि ईडन खोऱ्यांतील रीसलिंग लिंबाच्या सालीसारखी तीक्ष्ण असते. ती तिथल्या कॉफिन बेची कालवे आणि किंग जॉर्ज व्हायटिंग मासा यांच्यासोबत घेतात.

तिखट आणि मसालेदार जेवण

मिरचीतले कॅप्सेसिन जी आग लावते तिला मद्यार्क खतपाणी घालतो आणि साखर आवरते. म्हणून थाई किंवा भारतीय तिखट जेवणासोबत सुचवायची रीसलिंग ही 8 ते 11 टक्के मद्यार्काची, थोडी गोडी राखलेली असायला हवी. 13 टक्क्यांची ड्राय बाटली तिथे आणली तर जीभ अधिकच भाजते आणि वाइनमधला आंबटपणा त्यावर मीठ चोळतो. मसालेदार आणि तिखट यांत मात्र फरक करावा. आले, धने, गवती चहा, कोथिंबीर आणि लिंबाची पाने यांच्या सुगंधाशी ड्राय रीसलिंगचे छान जमते. अडचण मिरचीच्या प्रमाणाची आहे.

हे लक्षात घेतले तर महाराष्ट्र आणि गोव्याच्या पानात तिची जागा आपोआप ठरते. रवा लावून तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील किंवा तिसऱ्यांचे सौम्य सुके तिच्यासाठी उत्तम. साबुदाणा वडाही चालतो, त्याच्याबरोबरच्या दह्यात साखर नसेल तर; उपवासाचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापुढे तिने न आलेलेच बरे. चिंच-गुळाच्या आमटीतला गूळ आणि सोलकढीतले कोकम, दोन्ही तिला वेगवेगळ्या बाजूंनी मारतात. रेशाद मसाला भरलेल्या बांगड्याचा निकाल देणे कठीण आहे. मासा तेलकट म्हणून आंबटपणा हवा, पण मिरची आणि व्हिनेगर भरपूर. तिथे हाल्बट्रॉकन घ्यावी. नाशिकमध्ये सुला विनयार्ड्सने या वाणाची वाइन बाजारात आणली आहे. नाशिकची द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. उबदार हवेत द्राक्षातले मॅलिक आम्ल लवकर घटते, त्यामुळे उष्ण प्रदेशातील रीसलिंगकडून मोझेलच्या धारेची अपेक्षा ठेवू नये.

जुनी रीसलिंग आणि वाढण्याची पद्धत

चांगली ड्राय रीसलिंग दहा-वीस वर्षे टिकते. वय वाढले की लिंबू आणि हिरव्या सफरचंदाच्या जागी मध, भाजलेला पाव आणि काहीसा रॉकेलसारखा वास येतो. तो टीडीएन या संयुगाचा. द्राक्षांच्या सालीतील कॅरोटिनॉइड विघटित होऊन ते तयार होते आणि घडांना ऊन जास्त लागले तर अधिक होते. म्हणून ऑस्ट्रेलियातील बाटल्यांत हा वास लवकर जाणवतो. पहिल्यांदा पिणाऱ्याला बाटली खराब निघाली असे वाटू शकते. अशा वाइनला तळलेल्या माशापेक्षा अळंबी, भाजलेली कोंबडी किंवा हंस, आणि कोंतेसारखे मुरलेले घट्ट चीज जवळचे वाटते. अल्सासच्या उग्र वासाच्या मुन्स्टर चीजला मात्र तिथले लोक गेवुर्झट्रामिनर या सुगंधी पांढऱ्या वाइनची जोड देतात, रीसलिंग नव्हे.

हलकी ड्राय रीसलिंग 8 ते 10 अंश सेल्सिअसला वाढावी, भरदार किंवा जुनी 10 ते 12 अंशांना. त्याहून गार केली तर सुगंध दबतो आणि फक्त आंबटपणा उरतो. क्लेअर खोऱ्यातील उत्पादकांच्या एका गटाने 2000 च्या हंगामापासून बुचाऐवजी फिरकीची झाकणे वापरायला सुरुवात केली आणि ती प्रथा पुढे इतरत्र पसरली. त्यामुळे झाकण पाहून बाटलीची प्रत ठरवू नये. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस जेवणाबरोबर घेता येते.