उंदीर न पडता येणारा ताप : विदर्भातील स्क्रब टायफसची पार्श्वभूमी

घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून शेतात झोपड्या घालायच्या, ही गाठीच्या प्लेगच्या काळातली रीत जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1898 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीतील प्रयोगातून उंदरावरची पिसू तो पसरवते हे दाखवले. पण त्याआधीपासूनच मेलेला उंदीर ही लोकांसाठी पुरेशी सूचना होती.

स्क्रब टायफस या तापात उंदीर मरून पडत नाही, त्यामुळे ही सूचना मिळत नाही. त्याचा जिवाणू माइट या अतिसूक्ष्म किड्यात राहतो आणि मादीकडून अंड्यांत उतरतो. किड्याची अळी एकदाच उंदरासारख्या प्राण्याला चिकटून पोसली जाते, आणि त्या जागी माणूस सापडला तर त्याला चावते. म्हणजे रोगाचे मूळ घर किडा असला तरी त्याला पोसणारा आणि एका धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दुसऱ्या धुऱ्यावर नेणारा उंदीरच आहे.

जपानमध्ये निगाता भागातील नद्यांच्या पूरमैदानांत राबणारे शेतकरी या तापाने दगावत. ‘त्सुत्सुगामुशी’ हे तिथले नाव पुढे जिवाणूलाही मिळाले. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश सीमेवरील सैनिकांना त्याने जेरीस आणले. 1948 मध्ये क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने रुग्ण बरे होतात हे सिद्ध झाले आणि कालांतराने डॉक्सीसायक्लिन हे मुख्य औषध ठरले. पेनिसिलिन गटातील औषधे या जिवाणूवर चालत नाहीत, आणि उपचाराचे दिवस वाया जातात ते बहुधा इथेच.

2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत रुग्ण आढळले, काहींचे प्राणही गेले, तेव्हा हे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले. पावसाळ्यात धुऱ्यावर गवत माजते, त्याच दिवसांत निंदणाला बसलेल्या बायांचे हातपाय तासन्‌तास त्या गवतात असतात, आणि डेंग्यू-मलेरियाचाही तोच हंगाम असल्याने हा ताप त्यांतलाच समजला जातो. चाव्याच्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली धरते, पण ती सर्वांनाच येत नाही. आली तरी दुखत नाही, आणि बहुधा काखेत, जांघेत किंवा छातीखाली असते. संकोचामुळे बाई ती दाखवत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत कोणी शोधतही नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.