फेअरी श्रिंप (सह्याद्रीच्या सड्यांवरील)

फेअरी श्रिंप : संधिपाद संघातील कवचधर (क्रस्टेशिया) प्राण्यांपैकी क्लोमपाद (ब्रँकिओपोडा) वर्गाच्या ॲनोस्ट्राका गणात मोडणारे छोटे जलचर. पावसाने भरणारी आणि पुढे आटून जाणारी उथळ डबकी हे त्यांचे मुख्य वसतिस्थान. नावात ‘श्रिंप’ असले तरी कोळंबी किंवा ओढ्यातील झिंगे यांच्याशी त्यांचे नाते दूरचे आहे. पाणपिसवा त्यांना अधिक जवळच्या. ॲनोस्ट्राका या शब्दाचा अर्थ ‘कवचहीन’. कवचधरांत गणना होऊनही पाठीवर ढालीसारखे कवच नसणे ही या गणाची पहिली खूण. मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत आढळणारा आर्टेमिया हा याच गणातला; बाकीचे बहुतेक गोड्या पाण्यातले. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात या प्राण्यांचा विचार करायचा तो सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या (लोहयुक्त तांबड्या दगडाच्या) सड्यांमुळे, म्हणजे सपाट खडकाळ पठारांमुळे. तेथील पावसाळी पाणी त्यांच्या राहणीला साजेसे आहे.

शरीररचना : प्रौढ प्राणी साधारणपणे १ ते २.५ सेंमी. लांब असतो. शरीर अर्धपारदर्शक असल्यामुळे आतील अन्ननलिका बाहेरून रेघेसारखी दिसते. डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग स्पष्ट ओळखू येतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंस देठावर बसवलेले संयुक्त नेत्र असतात आणि मध्यभागी डिंभावस्थेपासून (अंड्यातून बाहेर पडल्यावरच्या बाल्यावस्थेपासून) टिकून राहिलेला साधा डोळा असतो. शृंगिकांच्या (डोक्यावरील स्पर्शकांच्या) दोन जोड्यांपैकी पहिली बारीक. दुसरी जोडी मादीत आखूड व चपटी असते, तर नरात ती मादीला पकडून धरण्याच्या अवयवात रूपांतरित झालेली असते. स्ट्रेप्टोसेफॅलस वंशात या शृंगिकेच्या टोकाला बोटे असलेल्या हातासारखी गुंतागुंतीची रचना असते. जाती ओळखताना तज्ज्ञ प्रथम तीच पाहतात. केवळ मादी हाती लागली तर जाती ठरवणे फार अवघड जाते.

बहुतेक कुलांत वक्षावर पायांच्या ११ जोड्या असतात, काही उत्तरेकडील प्रकारांत १७ किंवा १९. पाय पानासारखे चपटे व पातळ असून त्यांना चालण्याचा उपयोग नाही. मागच्या जोडीपासून पुढच्या जोडीकडे लाट सरकावी तसे ते एकामागून एक हलतात. या एकाच हालचालीतून तीन कामे साधतात. प्राणी पुढे सरकतो. पाण्यातील शैवले, जिवाणू व कुजका गाळ पायांवरील केसांत गाळला जाऊन पायांमधल्या खोबणीतून तोंडाकडे जातो. आणि पायाच्या बाहेरील अंगास असलेल्या पातळ पिशवीसारख्या पाळीतून श्वसन व क्षारांचे नियमन होते. ‘क्लोमपाद’, म्हणजे पायांवर कल्ले असलेले, हे वर्गनाम त्यावरूनच आले. हृदय लांब नळीसारखे असते. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की रक्तद्रवातील हीमोग्लोबिन वाढते आणि शरीरावर तांबूस छटा येते.

हा प्राणी पाठीवर पोहतो. पोटाची बाजू प्रकाशाकडे राखण्याची त्याची प्रवृत्ती असून खालून उजेड दाखवल्यास तो उलटा फिरून पोट खाली करतो. उदरावर पाय नसतात. शेवटी दोन लांबट, केसाळ पुच्छोपांगे असतात, ती पुष्कळदा नारिंगी असतात. मादीच्या वक्षामागे अंड्यांची पिशवी लोंबते.

अंडी व प्रसुप्ती (थांबलेली वाढ) : ज्याला सामान्यतः ‘अंडे’ म्हणतात ते खरे पाहता जाड आवरणात बंदिस्त झालेला भ्रूण असतो. त्याची वाढ गॅस्ट्रुला या भ्रूणाच्या प्रारंभीच्या अवस्थेच्या आसपास थांबलेली असते. व्यास मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून क्वचितच मोठा. आतील पाणी जवळजवळ पूर्ण निघून गेले तरी ट्रेहॅलोज ही शर्करा पेशींची घडण सांभाळते. आर्टेमियावरील संशोधनातून ही यंत्रणा चांगली समजली आहे. क्लोमपादांची अंडी कितपत सोसतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सुदानमधील ट्रायॉप्स या नातेवाईक प्राण्याच्या अंड्यांवरील १९६८ सालचा प्रयोग. उत्कलनबिंदूच्या अगदी जवळच्या तापमानातही कोरडी अंडी जिवंत राहिली. एप्रिल-मेच्या उन्हात सड्यावरचा दगड हात लावू देत नाही, तरी त्याच्या खळग्यातल्या चिमूटभर मातीत जीव कसा टिकतो, याचे उत्तर या आवरणात व या शर्करेत आहे.

पाणी मिळाले की सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही फुटतात, काही पुढच्या भरणीची, तर काही त्याच्याही पुढच्या भरणीची वाट पाहतात. आपल्याकडचा पाऊस पाहिला म्हणजे याचे मोल कळते. वळिवाच्या एका सरीने डबके भरते आणि चार दिवसांत आटते. त्या सरीला भुलून बाहेर आलेली पिढी वाढ पुरी होण्याआधीच मरते. मृगाच्या पावसानंतर पाणी टिकू लागते, तेव्हा मातीत राहिलेली अंडी उपयोगी पडतात. अंड्यातून नॉप्लियस डिंभ बाहेर पडतो. त्याला उपांगांच्या तीनच जोड्या असतात. कात टाकत तो वाढतो आणि अनुकूल तापमानात दोन-तीन आठवड्यांत प्रजननक्षम होतो. मासे नसणे ही या जीवनक्रमाची अट म्हटली पाहिजे. इतक्या सावकाश व उघड्यावर पोहणारा प्राणी माशांपुढे टिकत नाही. पाठपोहे ढेकूण आणि चतुरांच्या अळ्या हे डबक्यातील त्याचे शत्रू.

वसतिस्थान : सातारा जिल्ह्यातील कास, पाचगणीचे टेबललँड, चाळकेवाडी आणि दक्षिणेस चांदोली परिसरातील सडे यांचा माथा लोहयुक्त जांभ्याचा आहे. कासची उंची सुमारे १,२०० मी. जांभ्यात पाणी मुरते तसे खळग्यांत साठतेही. ओंजळीएवढ्या खाचेपासून खोलीएवढ्या कुंडापर्यंत सर्व आकार एकाच सड्यावर सापडतात. पाण्यात क्षार फार कमी असतात. मुसळधार पावसात एक डबके दुसऱ्यात ओसंडते आणि अंडी त्याबरोबर वाहत जातात. गुरांच्या खुरांना लागलेला चिखल, पक्षी आणि कोरड्या दिवसांतला वारा हीही वाहने आहेत. याच पाण्यात वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) ही १९८२ साली वर्णिलेली वनस्पती उगवते आणि काठच्या ओल्या मातीत सीतेची आसवे फुलतात. ही दुसरी वनस्पती मुळांसारख्या भागांवरील सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडणारी आहे. फुलांसाठी कासला जाणाऱ्याने एकदा तरी वाकून डबक्यात पाहावे.

उगमाचा प्रश्न : हे प्राणी सड्यांवर आले कोठून, याचे उत्तर दोन वेगळ्या वादांत गुंतलेले आहे.

पहिला वाद जीवाश्मांचा. स्वीडनमधील कँब्रियन काळाच्या उत्तरार्धातील रेहबाकिएला या सूक्ष्म प्राण्याचे वर्णन १९८३ मध्ये झाले. १९९३ मध्ये वालोसेक यांनी सविस्तर अभ्यास करून त्याला ॲनोस्ट्राकाच्या शाखेत ठेवले. ते मान्य केले तर गणाचे वय सुमारे ५० कोटी वर्षे ठरते. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांना ही जागा पटलेली नाही. उपलब्ध नमुने अपक्व अवस्थांचे आहेत, आणि डिंभांवरून गण ठरवणे धोक्याचे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील लेपिडोकॅरिस (वर्णन १९२६, काळ डेव्होनियनचा आरंभ, अंदाजे ४० कोटी वर्षांपूर्वीचा) हा ॲनोस्ट्राकाच्या निकटचा मानण्यास अधिक आधार आहे, आणि येथे तीच कालमर्यादा अधिक सुरक्षित समजली आहे. स्ट्रेप्टोसेफॅलस वंश आफ्रिका, आशिया, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया अशा विस्तीर्ण प्रदेशात आढळतो. त्यावरून त्याचा उगम गोंडवनभूमी या प्राचीन दक्षिणी महाखंडात झाला असे काहींनी मानले. २००४ मधील रेणवीय अभ्यासानेही या वंशाचा विस्तार प्राचीन असल्याचे सुचवले.

दुसरा वाद जांभ्याचा. १८०७ मध्ये बुकॅनन यांनी केरळातील अशाच जांभ्या दगडास लॅटिन ‘विटे’वरून लॅटेराइट हे नाव दिले, तेव्हापासून त्याच्या उत्पत्तीवर लिहिले जात आहे. जुन्या मतानुसार बेसाल्ट जागच्या जागी झिजून एक अखंड जांभ्याचा थर बनला, आणि आजचे सडे म्हणजे त्याचे उरलेले तुकडे. ऑलियर आणि शेठ यांनी २००८ मध्ये याउलट मांडणी केली. लोह साठून कठीण झालेले हे भाग मुळात दऱ्यांचे तळ होते. भोवतीचा मऊ भाग झिजून गेला आणि तळ माथ्यावर राहिला. सड्यांचे लांबट, वळणदार आकार पाहता दुसरे मत विचारात घ्यावेसे वाटते. चुंबकीय कालमापनावरून उंचावरील जांभा तृतीय कल्पाच्या आरंभाच्या आसपासचा असावा असे मांडले गेले आहे, परंतु झीज दीर्घकाळ चालू राहत असल्याने एकच एक काळ सांगणे योग्य नव्हे.

कोणतेही मत घेतले तरी एक गोष्ट सुटत नाही. महाबळेश्वर परिसरात सुमारे १,२०० मी. जाडीचे लाव्ह्याचे थर उघडे दिसतात आणि दख्खनचे हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यापूर्वीच्या भूपृष्ठावर जी डबकी असतील ती त्याखाली गाडली गेली. तेव्हा वंश गोंडवनभूमीइतका जुना असला तरी सड्यावरची त्याची वस्ती लाव्ह्यानंतरची आहे; येथे तो अंड्यांच्या रूपाने आला असला पाहिजे. वंशाचे प्राचीनत्व आणि वस्तीचे प्राचीनत्व या दोन गोष्टी लेखनात पुष्कळदा एक केल्या जातात, त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

भारतीय नोंदी : महाराष्ट्रातील क्लोमपादांच्या अभ्यासाची सुरुवात नागपुरापासून सांगता येते. तेथील मिशनरी व निसर्ग-अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने बेअर्ड यांनी १८५९ मध्ये एका शिंपलेधारी क्लोमपादास नाव दिले (आजचे नाव सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी). १८६० मध्ये बेअर्ड यांनीच भारतातील स्ट्रेप्टोसेफॅलस डायकोटोमस ही जाती वर्णिली. सह्याद्रीच्या दृष्टीने महत्त्वाची जाती म्हणजे स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. ती रॉजर्स व पाध्ये यांनी २०१४ मध्ये पश्चिम घाटातून नोंदवली आणि त्यासोबत आशियाई जातींची ओळख-सूचीही दिली.

जत, आटपाडी, माण या पर्जन्यछायेतील तालुक्यांत डबकी वेगळ्या स्वरूपाची. तेथे जांभा नाही, पाणी मातकट, आणि पाऊस सड्यांच्या मानाने फारच थोडा.

संरक्षण : कास पठार, कोयना व चांदोली यांचा २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटात समावेश आहे. सड्यावर वाहन नेल्यास खळग्यातील मातीचा पातळ थर निघून जातो, आणि अनेक वर्षांची साठलेली अंडी त्याबरोबर जातात. जांभ्याचे चिरे काढल्याने डबकेच नाहीसे होते.