दारू सोडवण्याचं औषध, पिणाऱ्याला सांगून

लोकलच्या डब्यात दरवाज्याशेजारच्या पत्र्यावर एक स्टिकर हमखास दिसतो: ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता’. खाली मोबाइल नंबर. पुडीत काय आहे, किती मात्रेत आहे, हे स्टिकरवर कधीच नसतं. तरीही ठाण्या-कळव्यातल्या कितीतरी बायका तो नंबर उतरवून घेतात, कारण घरातला माणूस दवाखान्याची पायरी चढायला तयार नसतो आणि त्यांचे सगळे उपाय करून झालेले असतात. त्यांना दोष देणं मला पटत नाही. पण चहातून दिलेल्या पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं औषध असेल, तर संध्याकाळी काय होऊ शकतं ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

दारू शरीरात गेली की तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी असतं, पण यकृतातलं एक विकर ते लगेच मोडून टाकतं. डायसल्फिराम नेमकं त्याच विकराला अडवतं. मग दोन घोटांतच चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. या गोळीचा उपयोग होतो तो ‘आज प्यायलो तर त्रास होईल’ हे माणसाला माहीत असतं म्हणून. न सांगता दिली की फक्त धोका उरतो.

हीच गोळी उघडपणे देऊन काय होतं, हे मुंबईतल्या एका क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर केलेल्या उपचाराच्या चाचणीत, तपासलं गेलं. 2004 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेले 100 पुरुष घेतले. कुणाला डायसल्फिराम द्यायचं आणि कुणाला नाल्ट्रेक्सोन हे पिण्याची ओढ कमी करणारं दुसरं औषध, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं दैवावर सोडलं, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीला वाव राहिला नाही. गोळी वेळेवर घेतली जाते का, हे पाहणारं घरचं माणूस प्रत्येकामागे होतं. वर्षाअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी 86 टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी 44 टक्के. पिण्याची ओढ मात्र नाल्ट्रेक्सोनच्या गटात कमी होती.

86 टक्के वाचून हुरळून जाण्याआधी त्या 100 जणांत कोण होतं ते पाहावं. तुर्भ्याच्या बाजारात गोणी वाहणारा, बायकामुलं गावी ठेवून एकटा राहणारा माणूस त्यात बसलाच नसता. बाईही नव्हती. ट्रायलचं उत्तर ज्या माणसांवर काढलं, त्यांच्यासारख्यांनाच ते नीट लागू पडतं.

गोव्यातल्या ट्रायलचंही तसंच. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटींत पुरुषांशी त्यांच्या पिण्याबद्दल बोलायचं, असा उपचार होता. तीन महिन्यांनी मागच्या 14 दिवसांत अजिबात न प्यायलेले त्या गटात 42 टक्के निघाले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 18 टक्के. 2017 साली हे प्रसिद्ध झालं, आणि मनोविकारतज्ज्ञांची इतकी टंचाई असलेल्या देशात ही मोठीच गोष्ट आहे. पण हा उपचार त्रासदायक पातळीवर पिणाऱ्यांसाठी होता. त्यापुढे जाऊन पूर्ण आहारी गेलेल्यांना त्या ट्रायलमध्ये घेतलेलंच नव्हतं.

अशी ट्रायल आज कुठे चालू आहे, हे शोधायला ओळख-पाळख लागत नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, म्हणजे सीटीआरआय, ही आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची ट्रायलची नोंदवही 20 जुलै 2007 पासून सर्वांसाठी खुली आहे. 15 जून 2009 पासून औषध महानियंत्रकांनी तिच्यात नोंद करणं सक्तीचं केलं. बघायला पैसे पडत नाहीत. अडचण एकच, सगळं इंग्रजीत आहे. ‘दारू’ टाकून काही हाती लागणार नाही. ‘अल्कोहोल डिपेंडन्स’, गर्दसाठी ‘ओपिऑइड डिपेंडन्स’, तंबाखू-मिश्रीसाठी ‘स्मोकलेस टोबॅको’ असे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकावे लागतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवावं, तासाभरात जमतं.

यादी उघडल्यावर पहिल्यांदा अभ्यासाचा प्रकार पाहावा. अनेक नोंदी नुसत्या पाहणीच्या असतात, त्यांत प्रश्नावली भरून घेतात, उपचार नसतो. मग भरती चालू आहे का ते बघावं. ही माहिती नेहमी अद्ययावत नसते, म्हणून नोंदीतल्या संपर्क क्रमांकावर फोन करूनच खात्री करावी. केंद्र कुठलं आहे हेही आधीच पाहिलेलं बरं. नेरुळ, कामोठे, कळवा इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण ट्रायल परळला निघाली आणि दर आठवड्याला बोलावलं, तर प्रत्येक वेळी एक खाडा पडतो. प्रवासखर्च देतात का, हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कुणाला घेणार आणि कुणाला वगळणार या दोन रकान्यांना. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या, दारूबरोबर दुसरंही व्यसन असलेले, गंभीर मानसिक आजार असलेले, गरोदर स्त्रिया, असे बरेच जण तिथेच गळतात. निवड झाली नाही म्हणजे माणूस सुधारण्यापलीकडे गेला, असा अर्थ कुणी काढू नये. त्या ट्रायलचा प्रश्न वेगळा होता, इतकंच.

आणि निवड व्हावी म्हणून घरच्या घरी एकदम दारू तोडायची, हे तर कदापि करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था येऊ शकते आणि तिच्यात माणसं दगावतात. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, 1990 पासून मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच संस्था आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही मोफत. सिद्ध झालेले उपचार आजच मिळत असताना ट्रायलची वाट पाहत घरी बसणं मला धोक्याचं वाटतं. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे का, हे माहीत नसतं म्हणूनच तर ट्रायल करतात.

ट्रायलमध्ये जायचं ठरलं, तर क्लिनिकल ट्रायलबद्दलच्या 2019 च्या सरकारी नियमांनी रुग्णाच्या हातात बरंच काही दिलंय. माहितीपत्रक त्याला समजेल अशा भाषेत हवं, सही केलेल्या संमतीपत्राची प्रत त्याला मिळायला हवी, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि वर भरपाई. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. इथे घरच्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ‘सही कर, नाहीतर घरात पाऊल टाकू नकोस’ असं बजावून घेतलेली संमती ही संमती नव्हे. हात थरथरत असताना, नशेत किंवा केंद्रात डांबलेल्या अवस्थेत घेतलेली सहीदेखील नव्हे. माणूस शुद्धीवर, शांत असताना त्याच्याशी बोलावं. कागद घरी आणावा, दोन दिवस ठेवावा.

फोनवर संशोधकाला विचारायच्या प्रश्नांत एक बहुतेक जण विसरतात: ट्रायल संपल्यावर काय? औषध लागू पडलं, तर ते पुढे मिळणार का, कोण देणार, पैसे कुणाचे? मधेच पुन्हा पिणं सुरू झालं, तर ट्रायलमधून काढणार की त्यासकट सांभाळणार? व्यसनाच्या आजारात पुन्हा घसरणं नेहमीचंच, तेव्हा या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सही करण्याआधी मिळायला हवं, आणि माहितीपत्रकात ते कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगावं.