सेन्सॉरला जाण्याआधी स्वतःच कात्री चालवू नका
(आमच्या एडिटिंग स्टुडिओच्या ग्राहकांसाठी, कॉलेज रोड, नाशिक)

“चुंबन तीन सेकंदांच्या वर गेलं की ‘ए’ मिळतं.” “पाठ उघडी चालते, पण कमरेपर्यंतच.” “ब्लर मारला की ‘यूए’ पक्कं.” प्रणयदृश्यं आणि नग्नतेबद्दल असे नियम पाठ करूनच निर्माते आमच्याकडे येतात. (‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, ‘यूए’ म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायचा.) घाबरून निम्मी दृश्यं घरीच कापून आणलेली असतात.

१९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा किंवा १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून पाहा. सेकंद नाहीत, इंच नाहीत. अश्लीलतेने प्रेक्षकाच्या संवेदना दुखावू नयेत, स्त्रीची अप्रतिष्ठा होऊ नये, आणि चित्रपट अख्खा पाहून, त्याच्या एकूण परिणामावरून ठरवावं, असं तिथे आहे.

मग हे आकडे आले कुठून? २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटातली चुंबनं सेन्सॉर मंडळाने निम्म्यावर आणायला लावली. बातमी गाजली. अशा एकेका चित्रपटाच्या कटचा लोक सरसकट नियम करून टाकतात. फूलनदेवीवरच्या ‘बँडिट क्वीन’चा निकाल मात्र कुणी सांगत नाही. त्यातली नग्न धिंड १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ए’ प्रमाणपत्रासह राहू दिली, कारण ते दृश्य पाहून वासना नाही, चीड येते.

(आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती आणि सख्या ओलेत्या दिसतात. त्या भूमिका करणारे सगळे पुरुषच! सेन्सॉरचा कायदा तेव्हा आलाच नव्हता, तो १९१८ चा.)

अलिखित वहिवाट नाहीच, असं मात्र नाही. समोरून पूर्ण नग्नता ‘ए’मध्येही बहुधा अडते. ब्लरचं म्हणाल, तर ब्लर लावलेलं दृश्य मुळापेक्षा सवंग दिसतं, असं आमचं मत.

म्हणून प्रेक्षक कोण, ते आधी ठरवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झालेत. चित्रपट टीव्हीला विकायचा असेल तर ‘ए’ चालत नाही, तेव्हा हे पहिल्याच भेटीत सांगा. ऑनलाइन अर्ज आम्ही भरून देतो. मंडळाच्या तपासणी समितीने सुचवलेले कट पटले नाहीत तर फेरतपासणी करणाऱ्या पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, त्यापुढे थेट उच्च न्यायालय. मधलं अपिलाचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं.

प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात काही बदललंत तर ते मंडळाला कळवावं लागतं. आणि येताना न कापलेली प्रत हार्ड डिस्कवर घेऊन या.